बाणावांचून क्रौंचवध

गेल्या महिन्यांत आमच्या गांवच्या एका साहित्यप्रेमी मंडळांत लडाखवर एक सचित्र व्याख्यान झालें. व्याख्याते माझे जुने स्नेही. विद्वान, रसिक आणि हौशी छायाचित्रकार. पडद्यावर एकामागून एक चित्रें उमटत होतीं. निळीं सरोवरें, गेरूच्या रंगाचे डोंगर, आणि सर्वांत शेवटीं हानले नदीच्या कांठच्या दलदलींत मान उंचावून उभी असलेली काळ्या मानेच्या क्रौंचांची जोडी. सभागृहांतून कौतुकाचा एकच उद्गार निघाला. मग अध्यक्षांनीं समारोप केला. ते म्हणाले कीं, आदिकवीच्या काळीं क्रौंचाला निषादाच्या बाणाचें भय होतें. आतां कायदा झाला आहे, अभयारण्य झालें आहे, शिकाऱ्याची जागा रसिकानें घेतली आहे. तेव्हां क्रौंच एकदांचा निर्भय झाला. टाळ्या पडल्या. मीहि दोन टाळ्या वाजविल्या. कारण सभेंत हात आवरून बसणें हें आपल्याकडे उद्धटपणाचें लक्षण मानलें जातें. परंतु घरीं आल्यावर त्या दोन टाळ्यांची मला लाज वाटली. हा लेख म्हणजे त्या टाळ्या परत घेण्याचा प्रयत्न आहे.

अध्यक्षांच्या विधानांत तीन गोष्टी गृहीत धरलेल्या होत्या. कायदा झाला म्हणजे रक्षण झालें, ही पहिली. बाण नाहीं म्हणजे वध नाहीं, ही दुसरी. आणि रसिकाचें प्रेम पक्ष्याला बाधत नाहीं, ही तिसरी. या तिन्ही गोष्टी खोट्या आहेत असें माझें म्हणणें आहे. आणि तिसरी खोटी आहे हें मी दुसऱ्या कोणाच्या नव्हे, माझ्याच उदाहरणानें सिद्ध करणार आहें.

प्रथम स्थळाची ओळख करून घेऊं. लडाखच्या पूर्वेस, तिबेटच्या पठाराला लागून, चांगथांग नांवाचा प्रदेश आहे. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांहून अधिक उंची, हिमालयाच्या आड पडल्यामुळें पावसाची वानवा, हाडें गोठविणारा हिवाळा, आणि नजर पोंचेल तेथवर एक झाड दिसूं नये असें उघडें रान. वाळवंट म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें तापलेली वाळू येते. हें वाळवंट थंडीचें आहे. परंतु या कोरड्या डोंगरांमधून बर्फाच्या पाण्यावर पोसलेल्या नद्या वाहतात, आणि जेथें खोरें रुंदावतें तेथें पाणी पसरून हिरव्या दलदली तयार होतात. सिंधूला मिळणाऱ्या हानले नदीचें खोरें हें त्यांपैकींच एक. चांगपा धनगरांच्या पश्मिना शेळ्या, त्यांचे याक, क्यांग नांवाचीं रानगाढवें आणि दूरदेशाहून येणारे पक्षी या सर्वांना हा एवढासा ओला पट्टा पुरवावा लागतो. अभयारण्य कितीहि विस्तीर्ण असो, हा पट्टा बिघडला तर उरलेल्या दगडाधोंड्यांचा पाणपक्ष्याला कांडीमात्र उपयोग नाहीं. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व युक्तिवाद तिच्यावर उभा आहे.

आतां पक्षी. जगांत क्रौंचकुळाच्या पंधरा जाती आहेत. त्यांत शास्त्रज्ञांच्या नजरेस सर्वांत शेवटीं आलेली ही जात. प्रझेवाल्स्की नांवाच्या रशियन प्रवाशानें १८७६ सालीं कोकोनोर सरोवराकडील पक्ष्यावरून तिचें वर्णन केलें. अंग राखाडी-पांढरें, मान व डोकें काळें, माथ्यावर तांबडा डाग. वसंताच्या आरंभीं तो लडाखांत येतो आणि थंडी पडूं लागली कीं परत फिरतो. भारतांत त्याचीं घरटीं आहेत तीं केवळ पूर्व लडाखमध्यें, आणि तेथेंहि थोड्याच जोड्या. जगभर पाहिलें तर त्याची संख्या दहा हजारांच्या वर मानली जाते. २०२० सालीं तर जागतिक यादींत त्याला अधिक धोक्याच्या वर्गांतून काढून एक पायरी खालच्या वर्गांत घातलें. हें ऐकून कोणी म्हणेल, मग रडगाणें कशाला? त्याला माझें उत्तर असें कीं, जगाची बेरीज वाढली म्हणून हानलेची वजाबाकी थांबत नाहीं. शिवाय या पक्ष्याच्या जीवनक्रमांत फसवणुकीची एक जागा आहे. जोडी वर्षाकांठीं एक किंवा दोन अंडीं घालते. नरमादी आळीपाळीनें महिनाभर तीं उबवितात. आणि दोन पिलांपैकीं बहुधा एकच उडण्याइतकें मोठें होतें. पक्षी दीर्घायुषी, संतति अल्प. त्यामुळें एखाद्या दलदलींत वर्षानुवर्षें एकहि पिलूं वाढलें नाहीं, तरी तीच जुनी जोडी दर वर्षीं येत राहते, छायाचित्रें निघत राहतात, आणि पाहणारा म्हणतो, 'पक्षी आहेत कीं!' पक्षी असतात. वंश मात्र संपत आलेला असतो.

कायद्याची बाजू पाहूं. १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें या क्रौंचाला पहिल्या अनुसूचींत, म्हणजे सर्वांत मानाच्या पंक्तींत, बसविलें आहे. १९८७ सालीं चांगथांगचें अभयारण्य झालें. त्याचा विस्तार सुमारें चार हजार चौरस किलोमीटर. २००२ सालीं त्सो मोरीरी आणि २०२० सालीं त्सो कर या सरोवरांना रामसर कराराखालीं आंतरराष्ट्रीय पाणथळांचा मान मिळाला. २०१९ सालीं लडाख केंद्रशासित प्रदेश झाला आणि २०२१ सालीं काळ्या मानेचा क्रौंच हा त्या प्रदेशाचा राज्यपक्षी ठरला. इतकीं बिरुदें जुन्या काळीं एखाद्या संस्थानिकालाहि लाभलीं नसतील. परंतु बिरुदावली वाचून दाखविल्यानें कुत्रा दलदलींतून बाहेर निघत नाहीं.

'अभय' हा आपल्या भाषेंतला मोठा शब्द आहे. अभय दिलें जातें. आणि जो देतो त्याला संकट आणि शरणागत यांच्या मध्यें स्वतः उभें राहावें लागतें. शिबि राजानें कपोताला अभय दिलें, तेव्हां त्याची किंमत त्यानें तराजूंत स्वतःच्या मांसानें मोजली. आपण अभय देतों तें राजपत्राच्या कागदानें; आणि कागद पारड्यांत टाकून आपण घरीं निघून येतों. अभयारण्य ही घोषणा नव्हे, ती रोजची राखण आहे, हें ज्यांना पटत नाहीं त्यांनीं त्या जागेचें नांव बदलून नुसतें 'अरण्य' ठेवावें. निदान शब्दाचा तरी मान राहील.

आतां माझा गुन्हा. दोन वर्षांपूर्वींच्या जून महिन्यांत आम्ही आठ जण हानलेस गेलों होतों. आठहि मराठी, आठहि पदवीधर, आणि आठांपैकीं पांच तरी स्वतःस पक्षिप्रेमी म्हणविणारे. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून आम्ही घरून नेलेला फराळ सोडला. कोठूनसे चारपांच कुत्रे आले. दांडगे, केसाळ, पण शेपट्या हलविणारे. आमच्यांतील एका बाईंनीं त्यांना पोळीचे तुकडे टाकले, मीहि टाकले. इतक्यांत दूर दलदलींत क्रौंच दिसला. तो बसलेला होता, म्हणजे घरट्यावर होता, हें आम्हांला कळत होतें. आमचा गाडीवान त्याच मुलुखांतला. तो म्हणाला, 'पुढें जाऊं नका.' आम्ही म्हणालों, 'थोडेंसेंच.' त्या 'थोड्याशा'चीं कांहीं शें पावलें झालीं. पक्षी उठला, मान ताणून उभा राहिला, मग संथपणें बाजूला चालत गेला. जोडीदारानें दुरून तुतारीसारखी हांक दिली. आम्हांला हवें होतें तें चित्र मिळालें. परत फिरलों तों लक्षांत आलें कीं, कुत्रे आमच्या मागोमाग आले होते. त्यांतले दोन आमच्याबरोबर परत आले नाहींत. आम्ही चिखलांत जी वाट पाडली होती तिनेंच ते पुढें गेले. थोड्या वेळानें दोन्ही पक्षी त्या जागेवर ओरडत घिरट्या घालूं लागले. घरट्याच्या उंचवट्यावर एक कुत्रा खालीं मान घालून उभा होता. गाडीवान एवढेंच म्हणाला, 'साहेब, तुम्हीं त्याला वाट दाखविली.'

त्या चित्राला पुढें आमच्याकडील एका प्रदर्शनांत बक्षीस मिळालें. पक्ष्याची ऐटदार मुद्रा परीक्षकांना फार आवडली. ती ऐट नव्हती. घरट्यावरून उठविलेला क्रौंच भ्यालेला असतो तेव्हां तसा उभा राहतो. परवांच्या व्याख्यानांत शेवटचें चित्र पडद्यावर आलें, तेव्हां मीं ती मुद्रा ओळखली. सभागृह टाळ्या देत होतें तें एका पक्ष्याच्या भीतीला. म्हणून म्हणतों, शिकाऱ्याची जागा रसिकानें घेतली, हें अध्यक्षांचें वाक्य अक्षरशः खरें होतें; फक्त त्याचा अर्थ त्यांना ठाऊक नव्हता.

कोणी म्हणेल, आठ माणसांच्या एका चुकीवरून एवढा सिद्धांत कशाला? तर मग चुकीचें मोजमाप घेऊं. लडाख बाहेरच्या प्रवाशांना खुलें झालें १९७४ सालीं. २००९ सालच्या एका लोकप्रिय हिंदी चित्रपटानें पांगोंग सरोवर घरोघरीं पोंचविलें, आणि त्यानंतर रीघ लागली. २०२२ सालीं लडाखला पांच लाखांहून अधिक प्रवासी गेले. २०११ च्या जनगणनेंत त्या सगळ्या प्रदेशाची वस्ती पावणेतीन लाखांच्या आंतली आहे! म्हणजे यजमानांच्या दुप्पट पाहुणे, आणि तेहि बहुतेक उन्हाळ्याच्या चार महिन्यांत येणारे. हेच चार महिने क्रौंचाच्या अंड्यांचे आणि पिलांचे. या पाहुण्यांत मराठी माणूस मागें नाहीं, हें पुण्यामुंबईच्या कोणत्याहि वर्तमानपत्रांतील सहलींच्या जाहिराती सांगतील. सगळेच घरट्यापर्यंत जात नाहींत, हें मान्य. पण सगळेच जेवतात. आणि सगळ्यांचें उष्टें तेथेंच राहतें.

येथें मुख्य मुद्द्यावर येतों. चांगथांगांत पूर्वीं कुत्रा नव्हता असें नाहीं. चांगपांच्या तंबूपाशीं तो होताच. पण तो धन्याचा, मोजका, कळपाबरोबर हिंडणारा. आजचा कुत्रा कोणाचाच नाहीं. गेल्या कांहीं दशकांत रस्ते झाले, सीमेवरच्या छावण्या वाढल्या, २०२० च्या गलवान येथील झटापटीनंतर तर अधिकच. पाहुण्यांसाठीं तंबू आणि खानावळी उभ्या राहिल्या. प्रत्येक मुदपाकखान्याच्या मागें एक उकिरडा आला, आणि प्रत्येक उकिरड्याभोवतीं कुत्र्यांचें टोळकें. जमिनीवर घरटें करणारा पक्षी लांडग्याला आणि कोल्ह्याला पिढ्यान्‌पिढ्या तोंड देत आला आहे. पण भक्ष्य घटलें कीं लांडगाहि घटतो, हा निसर्गाचा हिशेब आहे. कुत्र्याच्या बाबतींत तो हिशेब आपण मोडला. दलदलींतलीं अंडीं संपलीं तरी त्याचें पोट उकिरड्यावर भरतें. म्हणून तो उरतो, आणि उरलेलें शेवटचें अंडें शोधावयास मोकळा राहतो. लांडग्याला अंडें न मिळालें तर तो उपाशी राहतो. कुत्र्याचें अंडें हें जेवणानंतरचें तोंडीं लावणें आहे. ज्यांनीं या दलदलींत वर्षानुवर्षें निरीक्षण केलें आहे त्या अभ्यासकांनीं क्रौंचाच्या अंड्यापिलांचा मोठा शत्रु म्हणून भटक्या कुत्र्यांकडेच बोट दाखविलें आहे. चांगपांच्या शेळ्यामेंढ्याहि त्यांच्या दांतांतून सुटत नाहींत.

यावर दयेचा आक्षेप येतो, आणि तो मी हलका लेखीत नाहीं. कुत्रा हाहि जीवच. त्यानें कोणता अपराध केला? लडाखच्या बौद्ध समाजाला हा प्रश्न आपल्यापेक्षां अधिक मनापासून पडतो. उत्तर असें कीं, कुत्र्याचा अपराध कांहींच नाहीं. आणि म्हणूनच त्याला विष घालावें, गोळी घालावी, असें मी म्हणत नाहीं. अपराध अन्न टाकणाऱ्याचा आहे. पण दया करावयाची तर ती पुरी करावी. उन्हाळ्यांत पोळी टाकणारा प्रवासी आक्टोबरांत घरीं परततो. कुत्रा त्या उणे तीस अंशांच्या थंडींत तेथेंच राहतो. याला दया म्हणावयाचें कीं चार महिन्यांची करमणूक? आणि दयेच्या वांटणींत क्रौंचाच्या पिलाचा हिस्सा कोठें आहे? कुत्रा शेपटी हलवितो, तें आपल्याला दिसतें. पिलूं दलदलींत मरतें, तें दिसत नाहीं. डोळ्यांसमोरच्या जिवापुरती जी दया, ती धर्म नव्हे. ती नजरेची मर्यादा आहे.

सरकारी नियमांची अडचण याच जातीची आहे. भटक्या कुत्र्यांच्या प्रजननासंबंधीं २००१ सालीं नियम झाले आणि २०२३ सालीं नव्यानें झाले. त्यांचा गाभा असा कीं, कुत्रा पकडावा, निर्बीज करावा, लस टोंचावी आणि जेथून आणला तेथेंच सोडावा. शहरांतल्या गल्लीपुरतें यांत तथ्य असेल. परंतु निर्बीज केलेल्या कुत्र्याला पिलें होत नाहींत एवढेंच. तो क्रौंचाचीं पिलें खाण्याचें सोडतो असें नाहीं. ज्या दलदलींतून तो पकडला त्याच दलदलींत त्याला विधिपूर्वक परत सोडणें, हा कायद्याच्या एका हातानें दुसऱ्या हाताचें कापणें आहे. पहिल्या अनुसूचींतील पक्ष्याच्या विणीच्या जागेला गल्लीचा नियम लागूं नये. तेथील कुत्रे दूर निवाऱ्यांत नेऊन पोसावेत. निवाऱ्याला पैसा लागतो, हें खरें. तो पाहुण्यांकडून घ्यावा. हजारों रुपये भाडें भरून तेथें जाणाऱ्याला आणखी कांहीं रुपये जड नाहींत.

दुसरा आक्षेप अधिक भारदस्त आहे. तो म्हणतो, देशाला वीज हवी, आणि तीहि धूर न ओकणारी. त्यापुढें दोनचार पक्ष्यांची काय कथा? लडाखच्या पठारावर सूर्य आणि वारा यांपासून तेरा हजार मेगावॉट वीज काढण्याचा बेत आहे. ती खालीं आणण्यासाठीं पांग येथून हरियाणांतील कैथलपर्यंत सातशें किलोमीटरांहून लांब वाहिनी टाकण्यास केंद्र सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज वीस हजार कोटींच्या वर. या बेताला मी विरोध करीत नाहीं. हिमनद्या वितळूं लागल्या तर दलदलीहि आटतील, हें मला समजतें. कोळसा जाळून क्रौंच वांचत नाहीं. पण क्रौंचासारखा जड अंगाचा पक्षी पहांटेच्या धूसर उजेडांत उडत असतांना आडवी तार त्याला चुकवितां येत नाहीं, हें जगभराच्या अनुभवानें ठरलेलें आहे. राजस्थानच्या वाळवंटांत माळढोकाचे बळी तारांनीं घेतले तेव्हां सर्वोच्च न्यायालयानें २०२१ सालीं तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला. २०२४ सालीं तो अव्यवहार्य म्हणून मवाळ करून प्रश्न तज्ज्ञांच्या समितीकडे सोंपविला. जें दुखणें तेथें जडल्यावर औषधाची शोधाशोध झाली, तें येथें जडूं न देणें आज हातांत आहे. कोणती वाहिनी कोणत्या दलदलीच्या जवळून जाते, हें खांब रोंवण्यापूर्वीं पाहावें, एवढीच मागणी आहे.

ही मागणी स्वप्नाळू आहे काय? भूतानच्या फोबजिखा खोऱ्यांत हाच क्रौंच हिवाळा काढावयास येतो. तेथें गांवांना वीज द्यावयाची वेळ आली तेव्हां पक्ष्यांसाठीं तारा जमिनीखालून नेल्या. दिवेहि लागले आणि क्रौंचहि येत राहिले. १९९८ पासून तेथील गांगते मठाच्या अंगणांत दर वर्षीं क्रौंचांचा उत्सव होतो. आपल्याच देशांत, अरुणाचलांतील न्यामजांग छू नदीवरच्या ७८० मेगावॉटच्या वीजप्रकल्पाची परवानगी हरित न्यायाधिकरणानें २०१६ सालीं स्थगित केली. कारण ज्या खोऱ्यांत तो व्हावयाचा होता तेथें हे क्रौंच हिवाळ्यांत उतरतात, याचा पुरता विचार आधीं झालेला नव्हता. म्हणजे विचार करतां येतो. फक्त कोणीतरी तो करावयास लावावा लागतो.

तिसरा पक्ष आमच्याच छावणींतला आहे, आणि त्याची मला अधिक भीति वाटते. हे कडवे निसर्गप्रेमी म्हणतात, माणूस बाहेर काढा, चांगपांच्या शेळ्या बाहेर काढा, म्हणजे पक्षी आपोआप वांचेल. दलदलीवर चराईचा भार वाढला आहे, यांत खोटें नाहीं. पण तो कां वाढला? सीमा आंखल्या गेल्या, लढाया झाल्या, जुनीं कुरणें पलीकडे राहिलीं, तिबेटमधून आलेल्या निर्वासितांचे कळप यांत मिळाले. चांगपाचा दोष एवढाच कीं तो होता तेथेंच राहिला. आणि माणसाला शत्रु करून पक्षी कसा वांचतो, याचा धडा शिकावयास लडाखला जाण्याची गरज नाहीं; सोलापुरापर्यंत गेलें तरी पुरे. नान्नजचें माळढोक अभयारण्य १९७९ सालीं झालें, तेव्हां त्याचा विस्तार साडेआठ हजार चौरस किलोमीटरांच्या घरांत होता. नकाशावर रेघ ओढतांना शेतें, गांवें, बाजारपेठा सगळें आंत घेतलें. शेतकऱ्याला स्वतःची जमीन विकणें मुष्किल झालें. तेव्हां ज्या पक्ष्याच्या नांवानें हें झालें त्या पक्ष्याविषयीं त्याच्या मनांत प्रेम कोठून उपजावें? पुढें विस्तार छाटून सुमारें बाराशें चौरस किलोमीटरांवर आणला. तोंवर माळ नांगरले गेले होते आणि माळढोक जवळजवळ नाहींसे झाले होते. अवाढव्य अभयारण्य आणि नाहींसा पक्षी! कागदी रक्षणाचें याहून बोलकें स्मारक आमच्या महाराष्ट्रांत दुसरें नाहीं. चांगथांगांत हीच चूक करावयाची असेल तर चांगपांना हांकलावें. तो पक्षी वांचावा असें वाटत असेल तर राखणदार म्हणून चांगपालाच नेमावें, त्याला त्याचें वेतन द्यावें, आणि पाहुण्याला थांबविण्याचा अधिकार द्यावा. आमच्या गाडीवानाला तो अधिकार असता, तर हा लेख लिहिण्याची पाळी मजवर आली नसती.

असें घडूं शकतें याचें प्रमाण त्याच हानलेंत आहे. तेथें साडेचार हजार मीटर उंचीवर भारतीय वेधशाळा आहे. तिची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००० सालापासून आकाश पाहते आहे. दुर्बिणीला अंधार लागतो. म्हणून २०२२ सालच्या डिसेंबरांत वेधशाळेच्या भोवतालचा सुमारें हजार चौरस किलोमीटरांचा टापू 'अंधाराचें राखीव क्षेत्र' ठरविण्यांत आला. गांवांतल्या दिव्यांना टोप्या घातल्या, खिडक्यांना जाड पडदे लागले, वाहनांचे प्रखर दिवे मंदावले; आणि चोवीस गांवकऱ्यांना शिकवून, दुर्बिणी देऊन, पाहुण्यांना तारे दाखविण्याचें काम सोंपविलें. नियमहि आहेत, राखणदारहि आहेत आणि राखणदारांच्या पोटाची सोयहि आहे. ज्या ताऱ्यांचें आपण कांहींहि बिघडवूं शकत नाहीं, त्यांच्यासाठीं आपण दिव्यावर पडदा ओढला. मग ज्या पक्ष्याचा सर्वनाश आपल्या हातून होतो आहे, त्याच्यासाठीं उकिरड्यावर झांकण घालतां येऊं नये? पृथ्वीवरचा अंधार राखणें जमलें. उष्टें आवरणें जमत नाहीं, हें मी मानावयास तयार नाहीं.

करावयाचें तें फार नाहीं. विणीच्या महिन्यांत दलदलीपासून ठराविक अंतरावर गाडी आणि माणूस दोघांनाहि अटकाव. छावणी असो वा खानावळ, प्रत्येकानें आपलें उष्टें झांकून खालीं परत आणणें. दलदलींतले कुत्रे निवाऱ्यांत नेणें. तारांचे मार्ग आधीं तपासणें. आणि राखणीचें काम व दाम तेथील लोकांना देणें. यांतली पहिली दोन कामें तर सरकारवांचूनहि होतील. सहली नेणाऱ्यांनीं ठरविलें आणि सहलीस जाणाऱ्यांनीं आग्रह धरला कीं पुरे. आणि छायाचित्रांच्या प्रदर्शनांचे परीक्षक हा लेख वाचीत असतील तर त्यांना एक विनंति: घरट्यावरच्या पक्ष्याचें चित्र स्पर्धेंत घेऊंच नका. बक्षीस थांबलें कीं निम्मी पावलें थांबतील. माझें बक्षीस मीं परत केलें आहे. त्यानें अंडें परत आलें नाहीं; पण पुढच्या वर्षीं त्या भिंतीवर तसें दुसरें चित्र तरी लागूं नये.

क्रौंचवध हा शब्द आपल्या वाङ्मयाला फार प्रिय आहे. आद्य काव्याचा उगम त्यांत झाला असें आपण मानतों. खांडेकरांनीं १९४२ सालीं आपल्या कादंबरीला तेंच नांव दिलें. पण या कथेंत एक गोष्ट सोयीची होती. तेथें बाण होता, बाण सोडणारा निषाद होता, आणि ऋषि तमसेच्या कांठीं अलग उभा होता. शोक करणारा आणि मारणारा हे दोघे वेगळे होते, म्हणून शाप देतां आला. निषादाला निदान भूक तरी होती. आमच्यापाशीं भूकहि नव्हती. फराळ करूनच आम्ही निघालों होतों. हानलेच्या दलदलींत शोक करणारा आणि मारणारा एकच आहे, त्याच्या एका हातांत पोळी आहे आणि दुसऱ्या हातांत छायाचित्राचें यंत्र. असल्या वधावर श्लोक रचतां येत नाहीं. तेथें पाऊल मागें घ्यावें लागतें.